ऐकू येतंय का?

माझ्या आवाजाबद्दल आमच्या कॉलेजात एक आख्यायिका आहे. मी वरच्या मजल्यावर कांट शिकवायला लागलो की खाली कॅन्टीनवाला चहाचे आधण ठेवतो म्हणे. त्याचा हिशेब असा, की एवढ्या आवाजात पोरे वर फार वेळ टिकणार नाहीत, आता येतीलच खाली. आख्यायिका खुद्द कॅन्टीनवाल्यानेच पसरवलेली असल्यामुळे तिच्यात थोडेफार तथ्य असावे.

रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. आमच्याकडे मुले तत्त्वज्ञान घेतात ती बहुधा दुसऱ्या विषयांच्या जागा भरल्या म्हणून. पण घेतलेल्या विषयाला आणि केलेल्या बायकोला नावे ठेवू नयेत असा कोकणी माणसाचा स्वभाव आहे, त्यामुळे आमचे बरे चालले होते. मी बोलत असे, मुले ऐकत असत. निदान मुले बसलेली असत. ऐकू येते की नाही, हे मी त्या एकतीस वर्षांत एकदाही कोणाला विचारले नव्हते. गरजच काय? गावातली कुत्रीदेखील माझा देकार्त ऐकून होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कॉलेज बंद झाले. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले आणि ज्यांची कौले शाबूत होती तीही गेली. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. काही गावांत दिवे पुन्हा लागायला आठवडेच्या आठवडे गेले. आणि या सगळ्यातून आम्ही जरा मान वर काढतो आहोत तोच ऑगस्टात फर्मान आले : वर्ग ऑनलाइन सुरू करा.

मी काही यंत्राचा शत्रू नव्हे. मिक्सर मी चालवतो. पण ज्या फोनवरून आपण आजवर फक्त 'पोचलो' एवढेच कळवले, त्याच्यासमोर उभे राहून स्पिनोझा शिकवायचा म्हणजे जरा जड जाते. सुदैवाने पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीत काम करणारा माझा भाचा टाळेबंदीत आमच्याकडेच अडकला होता. (त्याच्या मते तो अडकला होता. सौ.च्या मते तो जेवणाला सुखावला होता.) त्याने जागेची पाहणी केली आणि स्वयंपाकघरातला तांदळाचा मोठा डबा बैठकीच्या खोलीत टेबलावर आणून त्याला फोन टेकवून ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात दहाच्या आत तांदूळ काढून ठेवावे लागत. एकदा विसरले तर बारापर्यंत पाश्चात्त्य तत्त्वज्ञान उपाशी ठेवी.

फोन बसवल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मागे काय दिसतंय ते बघा." मागे दोरीवर माझी दोन बनियन आणि भिंतीवर सहकारी पतपेढीचे कॅलेंडर दिसत होते. दोन्ही तातडीने हलवण्यात आली आणि तिथे पुस्तकांचे कपाट सरकवले. प्लेटो पुढे घेतला, रहस्यकथा मागे ढकलल्या. वर इस्त्रीचा सदरा घातला. खाली लेंगाच होता, पण कमरेखालचे तत्त्वज्ञान कोण पाहतो? ही सगळी सजावट जरा ध्यानात ठेवा. पुढे ती मला महागात पडणार आहे.

पहिले व्याख्यान मी अतिशय तन्मयतेने दिले. पंचवीस मिनिटे झाल्यावर भाचा दारातून हातवारे करू लागला. मला वाटले पोरगा भारावला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही म्यूट आहात." ज्या आवाजावर कॅन्टीनवाल्याचा प्रपंच चालला तो आवाज पंचवीस मिनिटे एका लाल रेघेने खोडून टाकला होता, आणि बेचाळीसपैकी एकाही विद्यार्थ्याने तक्रार केली नव्हती! मी घाईघाईने ती रेघ काढली आणि आयुष्यात प्रथमच वर्गाला विचारले, "ऐकू येतंय का?"

उत्तर आले नाही. ते सगळे म्यूट होते.

इथून माझे शिक्षण सुरू झाले. पहिला धडा वेळेचा. आमचे ते ॲप फुकटात चाळीस मिनिटेच चाले आणि मला अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासाची सवय. परिणामी सॉक्रेटीसच्या हातात विषाचा पेला दिला आणि सभा बंद पडली. पुढचा तास दोन दिवसांनी. दोन दिवस तो बिचारा पेला हातात धरून उभा. अथेन्सच्या लोकांनीसुद्धा त्याचे इतके हाल केले नव्हते. तेव्हा मी टिपणे काढून बसलो आणि अठ्ठेचाळीस मिनिटांतले नेमके काय कमी करता येईल ते पाहिले. लक्षात असे आले, की मुद्दा बावीस मिनिटांचा होता. उरलेली सव्वीस मिनिटे मी होतो.

दुसरा धडा हशाचा. वर्गात मी जे विनोद करतो ते १९८९ पासूनचे आहेत आणि त्यांना हशा ठरलेला आहे. इथे विनोद केला की समोर शांतता. मेलेल्या माणसाच्या घरी चुकून शीळ वाजवल्यासारखे वाटे. मग ध्यानात आले, की वर्गातही पुढच्या बाकावरचे चारजणच हसत, बाकीचे त्या चौघांना हसत.

तिसरा धडा सौ.ने दिला. व्याख्यानाचे रेकॉर्डिंग मी कौतुकाने तिला दाखवले. ती वाल सोलत होती. बघता बघता ती मधूनच एखादा वाल वेगळ्या वाटीत टाकू लागली. शेवटी मी विचारले, "ते कशाला?" ती म्हणाली, "तुम्ही 'म्हणजे काय, तर' म्हणालात की एक टाकत होते." वाटीत एका माणसाचे बिरडे सहज झाले असते.

पण हे सगळे धडे वरवरचे. खरी अडचण हजेरीची होती.

वर्गात हजेरी हा साधा प्रकार असतो. आपण आकडा उच्चारायचा, समोरून 'येस सर' यायचे. क्वचित एकाच गळ्यातून तीन वेगवेगळ्या स्वरांत येते, पण त्यातही कलेचा भाग असतो. इथे माझ्यासमोर बेचाळीस काळ्या चौकटी आणि प्रत्येकीत नावाचे एकेक आद्याक्षर. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटीस लिहिलेल्या अक्षरांबद्दल कुरकुर करतो, की ती दिसतात जिवंत, पण प्रश्न विचारला तर गप्प बसतात. त्याची तक्रार मला तेव्हा प्रथम कळली. मी प्रश्न विचारी आणि 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत सारी बाराखडी गप्प बसे.

त्यात ऑफिसातून परिपत्रक आले. सर्व विद्यार्थ्यांनी कॅमेरे चालू ठेवावेत, प्राध्यापकांनी चेहऱ्यांचा फोटो काढून हजेरीसोबत जोडावा, कॅमेरा बंद असणारास गैरहजर समजावे. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम होताच. मी नियमाचा माणूस. वर्गाला सांगितले, "ज्याचा चेहरा नाही, तो नाही."

चेहरे आले. निम्मे कपाळापुरते आले, काहींचे नुसते छताचे पंखे आले. एक मुलगा मात्र असा तल्लीन होऊन, ओठाला पेन लावून ऐके, की मी चार दिवस त्याच्या एकाग्रतेचा दाखला इतरांना दिला. पाचव्या दिवशी सौ. चहा ठेवताना म्हणाली, "अहो, हा पोरगा पापणी का लववत नाही?" तो फोटो होता. त्या एकाग्रतेला खरोखरच तोड नव्हती.

आणि एक चौकट काळीच राहिली. रोल नंबर सत्तावीस.

मी दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा लाल शाईने 'गैरहजर' लिहिले. त्याच सुमारास अभ्यासक्रमात बर्कली आला. हा अठराव्या शतकातला आयर्लंडचा बिशप. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की असणे म्हणजे जाणले जाणे. कोणाच्याच जाणिवेत नसलेली वस्तू आहे असे म्हणण्याला अर्थ नाही. मी ते रंगवून सांगितले आणि नेहमीच्या सवयीने विचारले, "काही शंका?" शंका कधीच नसते. पण त्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरे उमटली : "सर, मग कॅमेरा बंद असला की आम्ही नसतो का?"

प्रश्न सत्तावीस नंबरचा होता.

एकतीस वर्षांत बर्कलीवर मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी काय केले असेल? खाकरलो आणि म्हणालो, "पुढच्या तासाला बघू." नशिबाने चाळीस मिनिटे भरत आली होती.

संध्याकाळी मी हजेरीपटावरून नंबर काढून फोन लावला. वडिलांनी उचलला. म्हणाले, "सर, पोरगी आत्ता फोन ठेवून पाण्याला गेलीय. सकाळी तास असतो तवा वर एस्टीच्या थांब्याला जाते. रेंज तिथंच येते." थोडे थांबून, आपलाच काही अपराध असल्यासारखे म्हणाले, "घरात घेता आला असता तास, पण वादळात छप्पर गेलं ना. ताडपत्री हाय अजून. वारा असला की तीच बोलत बसते, मग तुमचं काय ऐकू येत नाय. आणि पोरगी म्हणते, सगळ्यांना कशाला दिसायला पाहिजे?"

मी फोन ठेवला आणि माझ्या कपाटाकडे पाहिले. पुढे प्लेटो. मागे रहस्यकथा. आतल्या खोलीत हलवलेली बनियन. माझी दोन बनियन कोणाला दिसू नयेत म्हणून मी घर उलटेपालटे केले, आणि त्या मुलीने आपली ताडपत्री दिसू नये म्हणून एक डोळा मिटला, तर मी तिला 'नाही' म्हणून लिहून मोकळा! दिवसाला मोजून दीड जीबी, फोन सगळ्या घराचा, थांब्यावर ऊन आणि शेरडे. एवढे करून ती माझी बावीस मिनिटे ऐकत होती. आणि मी? मी लाल शाई शोधत होतो.

पण माणूस तत्त्वज्ञानाचा असला की नुसती लाज वाटून भागत नाही, लाजेला आधार शोधावा लागतो. तो मला आमच्याच घरात सापडला. आपल्याकडच्या लोकांनी नसण्याचा जेवढा विचार केला तेवढा असण्याचासुद्धा क्वचित कोणी केला असेल. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळते? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, न दिसण्याने. त्याला ते अनुपलब्धी म्हणतात आणि ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानतात. मात्र एक अट घालतात. तो घडा असता तर नक्की दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मध्ये भिंत नको. काळोखात चाचपडत कोणी म्हणेल, 'घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही', तर घडा असो वा नसो, त्याचे तर्कशास्त्र फुटके आहे.

ही अट मी एकतीस वर्षे परीक्षेला पाच मार्कांची टीप म्हणून विचारीत आलो होतो. तिचा उपयोग हजेरीच्या वेळी करायचा असतो हे कोणी सांगितले नव्हते.

मी तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण विचार एकदा सुटला की तो गाठोडे सोडतोच. ही मुलगी आदल्या वर्षी, मार्च उजाडेपर्यंत, माझ्याच वर्गात होती. माझ्या हजेरीत नव्वद टक्क्यांच्या वर. म्हणजे शंभरएक तास ती माझ्यासमोर बसली होती, दिवसाउजेडी, मध्ये भिंत नाही, माझे डोळे उघडे. आणि मी कितीही आठवले तरी मला तिचा चेहरा आठवेना. काळ्या चौकटीत ती न दिसणे समजण्यासारखे होते. पण तिथे? तिथे तर मीमांसकांच्या सगळ्या अटी पुऱ्या होत्या! मग त्या शंभर तासांत गैरहजर कोण होते?

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितले, कॅमेऱ्याची सक्ती नाही. तासाच्या शेवटी प्रत्येकाने एक ओळ लिहून पाठवायची : आज काय कळले, किंवा काय कळले नाही. तीच हजेरी. ज्यांना रेंज नाही त्यांच्यासाठी दहा मिनिटांचे बोलणे व्हॉट्सॲपवर, रात्री केव्हाही ऐकावे. ओळही सवडीने यावी.

आता तुम्हांला वाटेल, माझ्या या उदारपणाने भारावून सगळा वर्ग ज्ञानी झाला. छे! तिघांची ओळ रोज एकच असे, एकाच चुकीसकट. तिघांनाही 'सॉक्रेटीसचे वीस' आवडले होते. एकाच्या ओळीमागे क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू येईल अशी ती घाईने लिहिलेली असे. ऑफिसात तर विचारणा झाली, की 'काही कळले नाही' असे लिहिणाऱ्याला हजर धरायचे की गैरहजर? मी म्हटले, तोच खरा हजर. हेडक्लार्क बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मला दिसत नव्हते, पण फोनवरही ते कळते.

सौ. म्हणाली, "पोरे तुम्हांला फसवतायत." मी म्हटले, "फसवतायत खरी." पण हिशेब मांडून पाहिला. विश्वास ठेवला तर तीन-चार लबाड फुकट हजेरी नेतात. माझे त्यात काय जाते? हजेरी काही माझ्या खिशातली नव्हे. संशय घेतला तर थांब्यावर उन्हात बसलेल्या एकीचा अपमान होतो, आणि तो मीच केलेला असतो. लबाडांचे पाप लबाडांच्या नावे राहते. अपमानाचे पाप मात्र माझ्या खाती, लाल शाईत. दिसत नाही त्याच्याबद्दल काही ना काही गृहीत धरावेच लागते. ते काय धरावे, हे ज्ञानशास्त्रात सुटत नाही. तिथून पुढे माणसाच्या स्वभावाचा प्रांत सुरू होतो.

त्या ओळींनी मला बरेच शिकवले. वर्गात तोंड न उघडणारी मुले लिहिताना भडाभडा बोलू लागली. कोणी लिही, "सर, कार्यकारणाचे कळले, पण त्या वेळी म्हैस सुटली, शेवटचे राहिले." कोणी लिही, "आज वडील बरे नाहीत, ऐकले नाही, उद्या ऐकते." सत्तावीस नंबर तर कधी मला सुखाने झोपू देत नसे. एकदा लिहिले : "सर, देवाला सगळेच दिसते म्हणून सगळे असते असे बर्कली म्हणतो. मग ज्याला सगळे दिसते त्याला वादळ आधी दिसले नव्हते का?" या ओळीचे उत्तर माझ्याजवळ आजही नाही. मी तसेच लिहून कळवले. तिने अंगठा पाठवला. तो होकाराचा असतो असे भाच्याने सांगितले.

२० ऑक्टोबर २०२१ पासून कॉलेजे उघडली. दोन डोस झालेल्यांनाच प्रवेश आणि तोंडाला मास्क. मी पुन्हा त्या वरच्या मजल्यावर गेलो. फळा धुळीने पांढरा, बाकांवर अंतर राखून मुले, सगळी नाकापर्यंत झाकलेली. दीड वर्षाने प्रत्यक्ष माणसे पुढे बसली होती आणि पाहायला मिळाले ते कपाळ आणि डोळे!

हजेरीपट उघडला, पुन्हा मिटला. खडू हातात घेतला. घसा साफ केला. खाली कॅन्टीनवाल्याने आधण ठेवलेच असेल. आणि तोंडातून आपसूक निघून गेले, "ऐकू येतंय का?"

वर्ग असा हसला म्हणता! १९८९ पासूनच्या एकाही विनोदाला तेवढे यश मिळाले नव्हते. हशा ओसरल्यावर खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरून एक आवाज आला. फोनवर दोन-चारदा ऐकलेला, थोडा भीत, पण नेमका.

"येतंय, सर. आम्ही दिसतोय का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तर समोरचे सगळेच धूसर झालेले. मास्कमुळे चष्म्याच्या काचांवर वाफ धरते. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, अगदी सावकाश पुसला, पुन्हा लावला आणि खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाकडे नीट पाहिले. मग दुसऱ्या बाकाकडे. मग चौथ्या. असे करत सगळ्या वर्गाकडे.

त्या दिवशी बावीस मिनिटांचा मुद्दाही पुरा झाला नाही.